उभ्या गाडीतला करंट

शनिवारी सकाळी शिवांगीचा फोन आला की उल्हास आधी आंघोळ करायचा आणि मग तिची गाडी चालू करून द्यायला निघायचा. त्याच्या बायकोला, कांचनला, हे खटकायला थोडा वेळ लागला. काळ्या हातांनी परत येणारा माणूस एरवी जुना, गळ्याशी विरलेला टी-शर्ट अडकवून जातो. उल्हास निळा टी-शर्ट घालायचा. तो कांचननेच त्याला वाढदिवसाला घेतला होता, आणि तिच्याबरोबर बाहेर जाताना त्याने तो एकदाही घातला नव्हता.

अमेरिकेत, ह्युस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये घर घेऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. उल्हास सांगलीला इलेक्ट्रिकल इंजिनियर झालेला. ह्युस्टनच्या एका एनर्जी कंपनीत सबस्टेशनचं काम बघायचा, त्यासाठी महिन्यातून एकदा वेस्ट टेक्ससला जायचा. कांचन एका डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये फ्रंट डेस्क सांभाळायची. मुलगी उर्वी सातवीत होती. भांडणं फारशी होत नसत. बोलणंही फारसं होत नसे, पण ते कांचनच्या लक्षात यायला शिवांगी यावी लागली.

शिवांगी नागपूरची, सव्वीस वर्षांची. २००४ च्या मार्चमध्ये कंपनीने तिला इथे प्रोजेक्टवर पाठवलं. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गुढीपाडव्याला ती एकटीच एका खुर्चीत ताट घेऊन बसली होती, म्हणून कांचनच तिच्याजवळ गेली. घरी बोलावलंही कांचननेच. भारतात परत चाललेल्या एका मुलाकडून शिवांगीने हिरवी, जुनी गाडी घेतली होती. गाडीचा रेडिओ बंद होता. उल्हास म्हणाला, कशाला दुकानात जातेस, सीडी प्लेयर मी बसवून देतो, मागे एक छोटा अँप्लिफायरही टाकू, आवाज मस्त येईल.

एप्रिलमधल्या एका शनिवारी त्याने ते काम आपल्या गराजमध्ये केलं. कांचन पोह्यांच्या बशा घेऊन किचनच्या दारातून गराजमध्ये निघाली होती. आतलं बोलणं ऐकून ती दारातच थांबली.

"बॅटरी म्हणजे साठा," उल्हास सांगत होता. "स्टार्ट करताना एकदम भरपूर करंट लागतो, तो ती देते. एकदा इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर सगळा भार घेतो, आणि बॅटरीतून जे गेलं ते परत भरतो."

शिवांगीने विचारलं, की दिव्याला तर एकच वायर जाते, मग करंट परत कुठून येतो.

"गुड क्वेश्चन. गाडीची बॉडीच परतीचा रस्ता. सगळा पत्रा बॅटरीच्या मायनसला जोडलेला असतो."

"म्हणजे मी आत्ता टेकून उभी आहे, ती वायरच आहे?"

उल्हास हसला. मोकळं, पोटातून आलेलं हसू. ते हसू कांचनने लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ऐकलं होतं, आणि ते गेलं कधी हे तिला सांगता आलं नसतं. मागे एकदा तिने त्याला विचारलं होतं, एसी सुरू झाला की घरातले दिवे क्षणभर मंद का होतात. "काही नाही, होतं तसं," एवढंच तो पेपरमधून मान वर न करता म्हणाला होता. तो वाईट बोलला नव्हता. फक्त तिला सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलं नव्हतं.

तिने पोह्यांच्या बशा नेऊन दिल्या. शिवांगी म्हणाली, वहिनी, एकदम घरच्यासारखे झालेत. कांचन हसली आणि आत येऊन तिने ओट्यावरची धुतलेली भांडी परत धुतली.

मे महिन्यापासून गाडी बंद पडायला लागली. दोन दिवस उभी राहिली की सुरूच होत नसे. किल्ली फिरवली की नुसतं टक टक. शिवांगी फोन करायची, उल्हास आपल्या गाडीच्या बॅटरीवरून तिची सुरू करायला जंपर केबल घेऊन जायचा. आधी म्हणाला बॅटरी जुनी आहे. नवीन बॅटरी घातली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग म्हणाला अल्टरनेटर वीक आहे, बघावं लागेल. तो बघत राहिला. जाऊन यायला अर्धा तास पुरला असता, पण तो दीड-दोन तासांनी यायचा. आला की गुणगुणत हात धुवायचा, उर्वीची चेष्टा करायचा, दुपारी स्वतःहून ग्रिल पेटवायचा.

"बाबा इज इन अ गुड मूड," एकदा उर्वी म्हणाली. "व्हाय कान्ट ही बी लाइक धिस ऑन संडेज?"

कांचनच्या हातातलं कणसाचं पान तिथेच राहिलं. पोरीला जे दिसत होतं ते तिलाही दिसत होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून आल्यावर ते खरं झालं.

त्यानंतर ती लक्ष ठेवायला लागली. त्याचा फोन एंगेज लागला की ती मिनिटामिनिटाला परत लावून बघायची. शिवांगीचं नाव घेताना त्याचा आवाज बदलतो का, हे ती ऐकायची. कधी बदलतो असं वाटायचं, कधी नाही, आणि नाही वाटलं की तो मुद्दाम सांभाळून बोलतोय असं वाटायचं. जूनमध्ये एका शनिवारी ती कोथिंबीर आणायच्या निमित्ताने निघाली आणि हायवे सिक्सवरच्या शिवांगीच्या अपार्टमेंटकडे वळली. पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला गाडी लावून एसी चालू ठेवून बसली. समोर हिरव्या गाडीचं बॉनेट उघडं होतं. उल्हास वाकून काहीतरी दाखवत होता, शिवांगी टेस्टर धरून शेजारी उभी होती. दोघांच्या मध्ये चांगलं हातभर अंतर होतं. कांचनने ते अंतर नीट बघून घेतलं. त्याने तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ते दोघं एकमेकांना बिलगून उभे असते तर तिला रागवायला जागा तरी मिळाली असती. इथे तर तो फक्त समजावून सांगत होता, आणि तिला हेवा वाटत होता तो त्या समजावण्याचाच.

त्या दिवशी जेवताना तिने सरळ विचारलं, की गाडी मेकॅनिककडे का टाकत नाही शिवांगी.

"मेकॅनिक लुटतात गं नवीन माणसाला. अल्टरनेटरचंच आहे, मी बघतोय ना."

कांचनने विषय वाढवला नाही. पण विचार थांबेना. कुठे वीज बंद पडली की कंपनी ज्याला विमानाने पाठवते, त्याला एका छोट्या गाडीतला दोष दोन महिने सापडत नाही? एक तर गाडी खरंच विचित्र होती, नाहीतर शिवांगी मुद्दाम काही चालू ठेवत होती, नाहीतर आणखी काही. हे तिला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. स्वतः बघायचं होतं.

म्हणून ती बाळकाकांकडे गेली. बाळकाका मंडळातले सगळ्यात जुने. साठच्या दशकात आले, रिफायनरीत इलेक्ट्रिकलचं काम करून रिटायर झाले. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. आपली गाडी ते अजून स्वतःच दुरुस्त करायचे, घरासमोर पिकॅनच्या झाडाखाली. कांचनने सांगितलं की एका मैत्रिणीच्या गाडीची बॅटरी सारखी उतरते आणि तिला ते शिकून घ्यायचंय.

"उल्हास काय म्हणतो?" काकांनी विचारलं.

"त्याला वेळ नाही."

काकांनी तिच्याकडे जरा बघितलं आणि आणखी काही विचारलं नाही. आतून व्होल्ट आणि करंट मोजायचा मीटर आणून तिच्या हातात दिला.

क्लिनिक सुटल्यावर घरी जाण्याआधी ती त्यांच्याकडे थांबायला लागली. पहिल्या दिवशी त्यांनी तिला नुसती बॅटरी मोजायला लावली. गाडी शांत उभी असेल तर साडेबाराच्या थोडं वर व्होल्ट, म्हणजे भरलेली. बाराच्या खाली गेली, म्हणजे रिकामीच समज. मग इंजिन सुरू करून पुन्हा मोजायला लावलं. आकडा चौदाच्या वर गेला.

"हा चौदा दिसला की अल्टरनेटर ठणठणीत. त्याच्या नावाने मग कुणी ओरडायचं नाही," काका म्हणाले.

"आणि तरी बॅटरी उतरत असेल तर?"

"तर उभ्या गाडीत कोणीतरी पितंय. किल्ली काढल्यावरही घड्याळ, अलार्म असले थोडं थोडं घेतात, ते चालतं. पण नळ ठिबकणं वेगळं आणि उघडा राहणं वेगळं."

कोण पितंय हे शोधायची रीत त्यांनी दाखवली. बॅटरीच्या मायनसची केबल काढायची आणि बॅटरी व केबल यांच्या मध्ये मीटर जोडायचा. बाजूला उभं राहून व्होल्टेज मोजता येतं, करंट नाही मोजता येत, ते म्हणाले. करंट मोजायचा तर मीटरला त्याच्या वाटेतच उभं करावं लागतं. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही गाडी स्टार्ट करायची नाही, नाहीतर मीटर जळतो. दार उघडं ठेवायचं नाही, आतला दिवा लागतो आणि आकडा फसवतो. गाडी थोडा वेळ शांत होऊ द्यायची, आणि मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येईल, त्या वाटेवर चोर.

कांचन बी. कॉम. होती. शाळेनंतर विजेचा आणि तिचा संबंध बटणापुरता. पण तिला हे पटापट कळत गेलं आणि आवडलंही. घरी जाताना एकदा सिग्नलला तिच्या मनात आलं, की हे किती सोपं आहे, आणि हे उल्हास मला कधीही सांगू शकला असता. मग शिवांगीला हे सगळं न मागता मिळालं याचा राग नव्याने आला, आदल्यापेक्षा मोठा.

जुलैच्या शेवटी एका गुरुवारी क्लिनिकमध्ये कांचनचा सेलफोन वाजला. उल्हास त्या आठवड्यात वेस्ट टेक्ससमध्ये मिडलंडला गेलेला होता. फोन शिवांगीचा.

"वहिनी, सॉरी हं, उल्हासदादांचा फोन लागत नाहीये. माझी आई आज येतेय, फ्लाइट लँड झाली असेल. आणि गाडी सुरू होत नाहीये. टॅक्सीला फोन केला तर ते म्हणतात दीड तास."

आपण नाही म्हणू शकतो, हे कांचनला स्वच्छ दिसलं. डॉक्टर सोडत नाहीत म्हटलं की झालं. होऊ दे हिची थोडी धावपळ, कळू दे. मग पलीकडून शिवांगीने नाक ओढल्याचा आवाज आला.

"खाली येऊन थांब. मी निघालेच," कांचन म्हणाली.

पार्किंगमध्ये उन्हाने डांबर मऊ झालं होतं. काकांनी दिलेला मीटर कांचनच्या गाडीत होताच. निघण्याआधी तिने हिरव्या गाडीचं बॉनेट उघडायला लावलं आणि मीटरच्या दोन टोकांनी बॅटरी बघितली. आकडा अकराच्याही खाली होता. शिवांगी नुसती बघत राहिली. वहिनी, तुम्हालाही येतं हे, असं काहीतरी ती म्हणाली. कांचनने मीटर गुंडाळून आपल्या गाडीत टाकला.

एअरपोर्ट शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. हायवे फिफ्टी-नाइनवर डाउनटाउनच्या आधीच ट्रॅफिक अडकला. शिवांगी सारखी घड्याळ बघत होती. आईला इंग्लिश येत नाही, ती पहिल्यांदाच विमानात बसली, बाबा गेल्यापासून ती कुठे एकटी गेलेली नाही, हे सगळं तिने सांगितलं. मग रडवेली होऊन म्हणाली, "मी कितीदा म्हटलं होतं दादांना, की गाडी मेकॅनिककडे टाकते. निदान आई यायच्या आधी. ते म्हणाले नको, मी आहे ना."

"असं म्हणाला?"

"दर वेळेला. रागावू नका वहिनी, पण मला नाही आवडत असं सारखं कुणाला बोलवायला. आणि शनिवारी एक दिवस झोप मिळते, तीही जाते. ते इतकं समजावून सांगतात नं. मला एकदा सांगितलं की कळतं. पण ते परत पहिल्यापासून सांगतात. मोठे आहेत, मग जांभई दाबून ऐकते मी."

कांचनने स्टिअरिंग घट्ट धरलं. चार महिने जिच्या नावाने तिचा जीव जळत होता ती मुलगी दर शनिवारी उभी राहून जांभया दाबत होती. तिला हायसं वाटलं, आणि लगेच दुसरीकडून टोचलं. हिला नको होतं ते तो हिला देत बसला होता, आणि जिला हवं होतं ती दारात बशा घेऊन उभी होती.

शिवांगीची आई बॅगेज घेऊन बाहेरच्या हॉलमध्ये एका खांबाला टेकून ट्रॉलीवरच बसली होती. नऊवारी नाही, साधी सुती पाचवारी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, दोरीने आवळलेल्या दोन बॅगा. लेकीला बघून ती उठली, पण रडली नाही. तिने पाणी प्यायलं नव्हतं. प्यायलं तर बाथरूमला जावं लागेल आणि बॅगा कुणावर सोडू, असा तिचा हिशेब होता. शिवांगीने पाण्याची बाटली उघडून दिली तेव्हा तिने ती दोन्ही हातांनी तोंडाला लावली. अर्धी बाटली संपल्यावर तिने कांचनचा हात हातात घेतला.

"तुमच्या मिस्टरांचा पोरीला मोठा आधार आहे नं. ती फोनवर सांगते सगळं."

कांचन म्हणाली, चला, गाडी लांब लावलीय.

शनिवारी सकाळी कांचन पुन्हा शिवांगीकडे गेली. उल्हास रविवारी येणार होता. आईला जेट लॅगमुळे झोप लागली होती. कांचनने आपली गाडी हिरव्या गाडीसमोर लावली, प्लसला प्लस जोडलं, मायनसची केबल इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावली आणि शिवांगीला स्टार्ट करायला सांगितलं. गाडी सुरू झाली. केबल काढून कांचनने मीटर लावला. चौदाच्या वर.

अल्टरनेटरला काहीही झालेलं नव्हतं.

ती थोडा वेळ तो आकडा बघत राहिली. हा आकडा उल्हासला मोजूनही बघावा लागला नसता, दिव्यांच्या उजेडावरून त्याला कळला असता. मग दोघी गाडी घेऊन हायवेवर लांब फिरून आल्या, बॅटरी जरा भरावी म्हणून. परत आल्यावर कांचनने किल्ली काढली, दारं लावली, मायनसची केबल सोडवून मध्ये मीटर जोडला. गाडी शांत व्हायला म्हणून दोघी जिन्याच्या सावलीत बसल्या. परत येऊन बघितलं तर आकडा जवळजवळ एक अँपियर. उघडाच नळ.

डॅशबोर्डखालची फ्यूजची पेटी त्यांनी आधीच उघडी करून ठेवली होती. शिवांगी खिडकीतून हात घालून एकेक फ्यूज काढायची, कांचन मीटरवर डोळा ठेवून "नाही" म्हणायची, की ती तो परत बसवायची. सगळे फ्यूज संपले. आकडा हलला नाही. कांचनला घाम फुटला होता. कुठे चुकलं म्हणून तिने बॅटरीकडे नीट बघितलं, तेव्हा प्लसच्या टोकातून निघालेली एक जाड लाल वायर दिसली. ती कंपनीची नव्हती, नंतर बसवलेली होती, आणि तिच्यावर तिचा स्वतःचा वेगळा फ्यूज होता. कांचनने तो काढला. आकडा शून्याला टेकला.

ती वायर मागे डिकीत जात होती, उल्हासने बसवलेल्या अँप्लिफायरकडे. फ्यूज परत घालून, थोडं थांबून कांचनने अँप्लिफायरवर हात ठेवला. गाडी बंद होती, गाणं बंद होतं, आणि अँप्लिफायर कोमट झाला होता. सीडी प्लेयर लागला की अँप्लिफायरने जागं व्हावं म्हणून एक बारीक निळी वायर असते, हे त्याच्यावर छापलेल्या आकृतीत दिसत होतं. ती प्लेयरला जोडायची. इथे ती सरळ जाड लाल वायरलाच जोडलेली होती, म्हणजे अँप्लिफायर चोवीस तास जागा.

"दादांकडून चुकून राहिलं असेल," शिवांगी म्हणाली.

कांचन डिकीत आणखी वाकली. ती जोडावरची टेप बघत होती. खाली काळी टेप होती, कापल्यासारखी उघडलेली. तिच्यावरून पिवळी गुंडाळली होती, शेवटचं टोक दुमडून, जशी फक्त उल्हास गुंडाळतो. पिवळ्या टेपचं ते रीळ कांचननेच जूनमध्ये बागेतल्या दिव्यांसाठी आणलं होतं. अँप्लिफायर बसवला एप्रिलमध्ये. म्हणजे जूनमध्ये किंवा त्यानंतर कधीतरी उल्हासने हा जोड उघडून बघितला होता, आणि तसाच परत बांधून ठेवला होता.

तिने फ्यूज काढून शिवांगीच्या हातात दिला. गाणी आता जरा बारीक वाजतील, पण गाडी बंद पडणार नाही, म्हणाली. बाकीचं मी उल्हासला विचारते.

रविवारी दुपारी तो आला. उर्वी मैत्रिणीकडे होती. कांचनने त्याला जेवायला वाढलं, त्याचं जेवण होऊ दिलं आणि मग विचारलं, शिवांगीच्या गाडीतली निळी वायर तुला कधी कळली.

तो आधी, कसली निळी वायर, म्हणाला. मग तिने पिवळ्या टेपचं सांगितल्यावर त्याने समोरचं ताट बाजूला सारलं.

"बसवताना चूकच झाली होती," तो शेवटी म्हणाला. "घाईत. जूनमध्ये लक्षात आली."

"मग?"

"मग म्हटलं, पुढच्या वेळी करू."

"का?"

काही वेडंवाकडं नव्हतं मनात, तो म्हणाला. तू काय समजतेस तसलं काही नाही. ऑफिसमध्ये आता सगळं पोरं कॉम्प्युटरवर करतात, त्याला कुणी काही विचारत नाही. ती विचारायची. नीट ऐकायची. गाडी दुरुस्त झाली असती तर ते संपलंच असतं.

"ती ऐकत नव्हती," कांचन म्हणाली. "ती जांभया दाबायची. मी ऐकलं असतं."

तिला वाटलं होतं, तसलं काही नाही हे एकदा त्याच्या तोंडून आलं की जळणं थांबेल. थांबलं नाही. त्याने स्पर्श केला नव्हता, खोटे निरोप धाडले नव्हते. फक्त एक वायर चुकीच्या जागी राहू दिली होती, आणि तेवढ्यासाठी एक म्हातारी बाई परक्या देशात तहानलेली बसून राहिली होती. ते तिने त्याला सांगितलं, ट्रॉली, दोरीच्या बॅगा, पाणी, सगळं. एअरपोर्टवर काय झालं ते उल्हासला माहीतच नव्हतं. शिवांगीचा मिस्ड कॉल बघून त्याने संध्याकाळी उलटा फोन केला होता, तिने झालं काम दादा, एवढंच सांगितलं होतं. त्याचा चेहरा उतरला.

"आपल्याला आत्ता तिच्याकडे जायचंय. तू सांगायचंस."

"तू सांग ना. चूक झाली म्हण."

"नाही. तू."

तिला हे न्यायाचं वाटत होतं, आणि ते होतंही. पण त्यात आणखीही एक गोष्ट होती आणि ती तिने स्वतःपासून लपवली नाही. शिवांगीचं त्याच्याबद्दलचं मत बदलताना तिला बघायचं होतं.

शिवांगीच्या आईने दार उघडलं, पाणी दिलं, चहा टाकला. उल्हास सोफ्याच्या टोकावर बसला आणि सरळ बोलला. वायर चुकली होती, जूनमध्ये त्याला कळलं होतं, त्याने ती तशीच ठेवली, आणि त्याची तो माफी मागतो. का ठेवली ते त्याने सांगितलं नाही. शिवांगीने विचारलंही नाही. ती काही क्षण त्याच्याकडे बघत राहिली आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं आदराचं, थोडं बावरलेलं हसू पुसलं गेलं.

"त्या दिवशी मी आधी तुम्हालाच फोन केला होता," ती म्हणाली. "आईची फ्लाइट कधी आहे हे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"चहा घेऊन जा," शिवांगीची आई म्हणाली. तिला अर्धंच कळलं होतं, पण लेकीचा आवाज तिला कळला होता.

त्यांनी चहा घेतला. कांचनला जे बघायचं होतं ते तिने बघितलं, आणि तिला वाटलं होतं तसं गोड लागलं नाही. उल्हास कप दोन्ही हातांत धरून बसला होता. आपला नवरा इतका म्हातारा कधी दिसायला लागला, असं तिच्या मनात आलं.

शिवांगीने पुढच्या आठवड्यात गाडी मेकॅनिककडे नेऊन वायर बदलून घेतली. ती मंडळात दिसायची, नमस्कार करायची, घरी येत नसे. उल्हासने शनिवारी उर्वीला पोहायला न्यायला सुरुवात केली. एकदा त्याने कांचनला विचारलं, तुझ्या गाडीचं काही बघायचंय का. ती नाही म्हणाली. घरातले दिवे मंद का होतात, ते तिला बाळकाकांनी केव्हाच सांगितलं होतं.

ऑक्टोबरमध्ये परत जायच्या आधी शिवांगीच्या आईने कांचनला जेवायला बोलावलं. एकटीलाच. तिने नागपुरी गोळाभात केला होता, भातात डाळीचे वाफवलेले गोळे, वर हिंगाची गरम फोडणी. शिवांगी वाढत होती. आई किचनमध्ये गेली तेव्हा शिवांगीने हळूच विचारलं, "वहिनी, एक विचारू? तुम्हाला माझा राग यायचा नं?"

कांचनने भात कालवणं थांबवलं.

"यायचा," ती म्हणाली.

"आणि आता?"

"अजून येतो कधीकधी. तुझी चूक नाही, तरी येतो."

शिवांगी थोडं हसली, मान हलवली, आणि कांचनच्या ताटात लिंबाची फोड ठेवली. आई कढई घेऊन बाहेर आली. कांचनचं ताट बघून म्हणाली, हे काय, तुम्ही तर काहीच घेतलं नाही, आणि नको नको म्हणत असताना तिने तिच्या भातावर आणखी एक पळी फोडणी घातली.